बाससाठी फ्लाय निवडताना

श्रोतेहो, बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तो पकडायला निघालेल्या माणसासमोर फ्लायची, म्हणजे गळावर केस-पिसे बांधून केलेल्या नकली आमिषांची पेटी उघडली, की पहिला प्रश्न हमखास रंगाचा येतो. दुकानदाराला रंग विकणे सोयीचे असते, हा भाग वेगळा. पण फ्लाय पाण्याच्या कोणत्या थरात उतरणार आणि तिथे ती कशी हलणार, हे ठरल्याशिवाय रंगाला फारसा अर्थ नाही.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातून वाहणारी सस्क्वेहाना नदी घेऊ. पात्र रुंद, पण बऱ्याच ठिकाणी उथळ आणि खडकाळ. तिथला स्मॉलमाऊथ बास मुख्यतः लहान मासे आणि दगडांखाली दडणारे क्रेफिश, म्हणजे झिंग्यासारखे नांगीवाले जीव खातो. याच नदीवर वाटाड्याचे काम करणाऱ्या बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात बांधलेली फ्लाय आज ‘क्लाउझर मिनो’ म्हणून सर्वत्र वापरली जाते. तिच्यात गळाच्या दांडीवर, नेढ्याच्या किंचित मागे, डंबेलच्या आकाराचे जड डोळे दोऱ्याने आवळलेले असतात. या वजनामुळे गळ पाण्यात उलटतो, टोक वर राहते आणि तळाच्या दगडांत अडकणे बरेच कमी होते. हरणाच्या शेपटीचे केस मात्र विरळच हवेत. नवशिका हौसेने जाड झुपका बांधतो आणि फ्लाय बुडायला उशीर लावते. दोरी ओढली की ती पुढे झेपावते, ढील दिली की नाक खाली करून बुडते, आणि बास पुष्कळदा नेमका या बुडण्याच्या क्षणी तोंड घालतो. म्हणून ढील देताना दोरीवरून नजर हटता कामा नये.

क्रेफिशची नक्कल करताना तर हालचालीचाच विचार आधी करावा लागतो. घाबरलेला क्रेफिश शेपूट आपटत मागे पळतो, त्यामुळे नांग्या गळाच्या वाकाकडे आणि शेपूट नेढ्याकडे बांधली, तरच दोरी ओढल्यावर फ्लाय खऱ्यासारखी पळते.

उन्हाळ्यात पहाटे आणि तिन्हीसांजेला बास वर येतो, तेव्हा हरणाच्या पोकळ केसांचा तरंगता पॉपर, म्हणजे ओढल्यावर पाण्यावर ‘पॉप’ असा आवाज करणारी फ्लाय लावावी, आणि तो पडल्यावर पाण्यावरची वलये विरेपर्यंत हलवू नये. फ्लाय रॉडमध्ये फेकीचे वजन आमिषात नसून दोरीत असते आणि असा फुगीर पॉपर हवा अडवतो. रॉडचा, म्हणजे गळाच्या काठीचा नंबर जितका मोठा, तितकी जड दोरी तो पेलतो; तेव्हा सहा नंबरचा रॉड कमी पडू लागला, तर सात किंवा आठ नंबरचा घ्यावा.

रंगाचे थोडक्यात सांगतो: गढूळ पाण्यात गडद, नितळ पाण्यात फिका.

लार्जमाऊथ बास कमळाच्या पानांत आणि शेवाळात दबा धरून बसतो. तिथे गळाच्या टोकापुढे नायलॉनच्या तारेची कमान बांधलेली फ्लाय हवी. कमान बोटाने दाबून पाहावी. सहज वाकली नाही, तर ती शेवाळाबरोबर बासलाही गळापासून दूर ठेवते.