कॅलिफोर्नियात घराचं काम काढण्याआधी
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्यापैकी बरेच जण सध्या किचन, बाथरूम नाहीतर परसातलं छोटं घर बांधून घ्यायच्या बेतात आहेत. कंत्राटदार भेटला की आपण भाव विचारतो, काम कधी सुरू करणार ते विचारतो. लायसन्स नंबर विचारायची वेळ आली की मात्र अवघडतो. ओळखीतून आलेला माणूस, त्याला कसं विचारायचं? हा संकोच सोडा, एवढ्यासाठीच मी आज उभा आहे.

कॅलिफोर्नियात १९२९ पासून कंत्राटदारांसाठी राज्याची स्वतंत्र यंत्रणा आहे. आज तिला आपण लायसन्स बोर्ड म्हणतो. मजुरी आणि सामान धरून काम १,००० डॉलर किंवा त्याहून जास्तीचं असेल, तर लायसन्स लागतं. २०२४ अखेरपर्यंत ही मर्यादा ५०० होती. काम हजाराच्या आतलं असलं, तरी त्याला परमिट लागत असेल किंवा त्या माणसाने हाताखाली कामगार ठेवले असतील, तर सूट नाही. लायसन्ससाठी चार वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात, बहुतेकांना परीक्षाही द्यावी लागते. शिवाय २५,००० डॉलरचा बॉन्ड.

या बॉन्डविषयी मोठा गैरसमज आहे. ‘तो बॉन्डेड आहे, काळजी नको,’ असं आपण एकमेकांना सांगतो. हा बॉन्ड म्हणजे आपल्या घराचा विमा नव्हे. पतपेढीच्या कर्जाला जामीनदार असतो ना, तशी ही हमी. बॉन्ड देणारी कंपनी आधी तुमचा दावा तपासते, कंत्राटदाराने कायदा मोडून तुमचं नुकसान केलं असं पटलं तर पैसे देते आणि मग तेच पैसे त्याच्याकडून वसूल करते. रक्कमही अपुरी. २०२३ च्या १ जानेवारीला ती १५,००० वरून २५,००० झाली, पण ती प्रत्येक घरामागे नाही. सगळ्या दावेदारांना मिळून तेवढीच. एखाद्याने चार घरांची कामं अर्धवट टाकून पोबारा केला, तर चौघांनी त्यातच भागवायचं. आजचे रिमॉडेलिंगचे दर पाहता ही रक्कम आणखी वाढायला हवी, असं माझं ठाम मत आहे. या लायसन्स बॉन्डच्या जोरावर ‘आम्ही बॉन्डेड आहोत’ अशी जाहिरात करायला राज्याच्या कायद्यानेच बंदी केली आहे. कुणाच्या पत्रकावर तो शब्द दिसला, तर नेमका कुठला बॉन्ड, ते विचारा.

मग बॉन्डपेक्षा भक्कम काय? लायसन्सचा कायदा. पाम स्प्रिंग्जच्या एका वॉटरपार्कचा खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, निकाल १९९१ चा. न्यूयॉर्कच्या एका कंपनीने तिथे लाटांचा तलाव उभारला. तिच्याकडे इथलं लायसन्स नव्हतं. कंपनीचं म्हणणं असं, की आम्ही कचरत होतो, पण पार्कवाल्यांनी गळ घातली, पैशाची खात्री दिली आणि नंतर हात वर केले. न्यायालयाने सांगितलं, विनालायसन्स केलेल्या कामाचे पैसे मागता येणार नाहीत, फसवणुकीचा आरोप करूनही नाही. पुढे कायदा आणखी कडक झाला. आता विनालायसन्स कंत्राटदाराला दिलेले सगळे पैसे ग्राहक परत मागू शकतो. दावा मात्र काम संपल्यापासून किंवा थांबल्यापासून वर्षाच्या आत लावावा लागतो. अर्थात हुकूमनामा मिळाला तरी तो माणूस सापडायला हवा आणि त्याच्याकडे पैसे हवेत.

म्हणून पैसे हळूहळू सोडा. घराच्या कामात आगाऊ रक्कम कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेता येते. ५०,००० च्या किचनलाही हजारच. बोर्डाकडे खास मोठा बॉन्ड ठेवलेल्या मोजक्या कंत्राटदारांनाच यातून सूट आहे. ‘कॅबिनेटची ऑर्डर द्यायचीय, निम्मे आधी टाका,’ असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. पुढचे हप्तेही झालेल्या कामापेक्षा जास्त नकोत.

मुख्य कंत्राटदाराला तुम्ही चोख पैसे दिलेत आणि त्याने टाइलवाल्याचे बुडवले, तरी टाइलवाला तुमच्या घरावर मेकॅनिक्स लीन, म्हणजे थकलेल्या पैशांसाठी कायदेशीर बोजा, लावू शकतो. म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे. ‘प्रिलिमिनरी नोटीस’ नावाचा कागद टपालाने आला की आपण घाबरतो किंवा फेकून देतो. तो जपून ठेवा. त्यातून कळतं, तुमच्या कामावर कुणाकुणाचा हक्क सांगितला जाऊ शकतो. दर हप्त्याला त्या प्रत्येकाकडून सही केलेला लीन रिलीज, म्हणजे तो हक्क सोडल्याचा कागद, घ्या.

आणखी एक. ‘परमिट तुमच्याच नावावर काढा, स्वस्त पडेल,’ असं सांगणाऱ्यापासून सावध राहा. तशी सही केलीत की तुम्ही ओनर-बिल्डर ठरता. कामाची जबाबदारी तुमची, आणि शिडीवरून पडलेल्या मजुराचे मालक म्हणून तुमच्याकडे बोट दाखवलं जाऊ शकतं.

लायसन्स नंबर बोर्डाच्या वेबसाइटवर टाकला, की लायसन्स चालू आहे का, कुठल्या वर्गाचं आहे, बॉन्ड कुणाचा आहे, कामगारांचा विमा आहे की नाही, सगळं दिसतं. त्या पानावरचं नाव आणि करारावरचं नाव एकच आहे का, तेही ताडून पाहा. दुसऱ्याच्या नंबरवर काम घेणारे असतात. ज्यांची आधीच फसगत झाली आहे, त्यांनी करार, चेकच्या प्रती आणि फोटो गोळा करून बोर्डाकडे तक्रार करावी. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.