एकाच रोपावरचे दोन हिवाळे

उत्तर अमेरिकेतल्या माळरानांवर हिवाळ्यात गोल्डनरॉड या पिवळ्या फुलांच्या रानरोपाची वाळलेली खोडे बर्फाबाहेर उभी असतात आणि त्यांपैकी काहींवर फुगीर गाठी दिसतात. गोल गाठीत एका माशीची अळी असते, तर दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या गाठीत एका पतंगाची. तापमान उणे 30 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले, तरी वसंत ऋतूपर्यंत दोघींचा मुक्काम तिथेच असतो, आणि गाठीच्या भिंतीमुळे मिळणारी ऊब नगण्य असते.

थंडीत कीटकाच्या जिवावर उठते ते त्याच्याच शरीरातले पाणी. पेशीच्या आत हिमस्फटिक तयार झाले, की बहुतेक वेळा पेशी फाटून निकामी होते. पतंगाची अळी म्हणूनच गोठणे पूर्णपणे टाळते. शरद ऋतूत ती शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेन या पिष्टासारख्या पदार्थापासून ग्लिसरॉल हे गोठणरोधक द्रव्य इतके बनवते, की उणे 38 अंशांच्या आसपासपर्यंत तिच्या शरीरातले पाणी द्रवरूपच राहते. मात्र बाहेरचा बर्फ अंगाला भिडला, तर या अतिशीत पाण्यात गोठण्याची क्रिया सुरू होऊ शकते. गाठीला आतून असलेले रेशमी अस्तर तो धोका बऱ्याच अंशी दूर ठेवते.

माशीची अळी याच्या अगदी उलट वागते. ती बर्फाला शरीरात येऊ देते, पण मुख्यतः पेशींच्या बाहेरच्या द्रवात. तिच्या शरीरातले जवळजवळ दोन तृतीयांश पाणी गोठते, हृदयाचे ठोके थांबतात, आणि ग्लिसरॉल व त्याच्याच जातीचे सॉर्बिटॉल यांच्या आधाराने बहुतेक पेशींचा अंतर्भाग तेवढा शाबूत राहतो. त्याआधीचे तिचे एक काम मुद्दाम पाहण्यासारखे आहे. शरद ऋतूतच ती गाठीच्या मध्यापासून सालीपर्यंत एक बोगदा कुरतडते आणि बाहेरचा पातळ पापुद्रा तेवढा राखून मागे फिरते, कारण वसंतात कोशातून निघणाऱ्या माशीला कुरतडण्याजोगे जबडेच नसतात.

मधमाश्यांची तऱ्हा निराळी आहे. त्या पोळ्यात एकमेकींना बिलगून घोळका करतात आणि उड्डाणाचे स्नायू थरथरवत, साठवलेल्या मधाच्या बळावर ऊब निर्माण करतात. एकेकट्या राहणाऱ्या बहुसंख्य कीटकांना ही चैन परवडणारी नसते. लहान होत जाणाऱ्या दिवसांवरून हिवाळ्याची चाहूल घेऊन ते वेळीच सुप्तावस्थेत जातात.

असे असले, तरी उबदार हिवाळा या अळ्यांना सुखाचा जातो, असे समजण्याचे कारण नाही. तापमान वाढले, की चयापचय वेग घेतो आणि साठा लवकर संपू लागतो. गोल्डनरॉडवरील माशीच्या अळ्या प्रयोगशाळेत उबदार वातावरणात ठेवल्या असता, थंडीत ठेवलेल्या अळ्यांपेक्षा त्या कमी संख्येने जगल्या, आणि त्यांच्यापासून झालेल्या माद्यांमध्ये अंडीही कमी आढळली. प्रौढ माशी काही खात नसल्यामुळे अळीने हिवाळ्यात खर्च केलेली चरबी पुढे भरून निघत नाही.