पेनसिल्व्हेनियाचा मतदार काय बोलत होता

मित्रहो,

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या वायव्य टोकाला, सरोवराच्या काठावर ईरी नावाची काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, आहे. लोकवस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. या काउंटीने 2008 आणि 2012 मध्ये ओबामांना कौल दिला, 2016 मध्ये ट्रम्प यांना, 2020 मध्ये बायडन यांना आणि 2024 मध्ये पुन्हा ट्रम्प यांना. 2016 चा फरक दोन हजार मतांच्या आतला, 2020 चा दीड हजारांच्या आतला. असे निकाल बघून आपण चटकन म्हणून टाकतो की तिथले लोक कुंपणावरचे, वारा येईल तसे फिरणारे. मला ते पटत नाही. लोकांच्या काळज्या वर्षानुवर्षं त्याच असतात. त्यातली कोणती काळजी मतदानाच्या दिवशी वर येते, एवढंच बदलतं. एका माणसाच्या मनात पाच-सहा गोष्टी असतात आणि मतपत्रिकेवर जिंकण्याजोगी नावं असतात दोन. आज मी बोलणार आहे ते या अडचणीबद्दल.

ईरीचंच बघा. तिथे रेल्वे इंजिनं बनवणारा शंभर वर्षांहून जुना कारखाना आहे. आजोबा, वडील, मुलगा असे एकाच घरातले तीन-तीन पिढ्यांचे लोक तिथे कामाला. 2015 च्या सुमारास बरंच काम टेक्सासकडे गेलं आणि शेकडो लोकांना घरी बसावं लागलं. त्याच वर्षी त्याच कंपनीने भारतीय रेल्वेशी एक हजार डिझेल इंजिनांचा करार केला. पहिली काही इंजिनं अमेरिकेतून आली, बाकीची बिहारमधल्या मढौऱ्याला बनू लागली. मढौऱ्याने ईरीचं काम पळवलं असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या घरात नोटीस आली त्या माणसाने ही बातमी कशी वाचली असेल, याचा विचार आपण करायला हवा. तो कामगार संघटनेचा सभासद, आयुष्यभर डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारा. त्याने एका निवडणुकीत ट्रम्प यांच्या आयातशुल्काच्या भाषेला मत दिलं आणि पुढच्या निवडणुकीत संघटनेच्या बाजूने बोलणाऱ्याला दिलं. दोन्ही वेळा त्याचा प्रश्न एकच होता: माझ्या मुलाला याच गावात काम मिळेल का?

मी राज्याच्या दुसऱ्या टोकाला, लीहाय खोऱ्यात राहतो. बेथलेहेमचा पोलाद कारखाना इथलाच. तिथल्या भट्ट्या 1995 मध्ये विझल्या, त्या जागेवर आता कॅसिनो आहे. शेजारचं ॲलनटाउन सव्वा लाख वस्तीचं, निम्म्याहून जास्त लोक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाचे, त्यातही पोर्टो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या बेटावरून आलेले खूप. पोर्टो रिकोचे लोक 1917 पासून अमेरिकन नागरिक आहेत, पण बेटावर राहत असताना त्यांना राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही. तोच माणूस ॲलनटाउनला भाड्याने खोली घेऊन राहिला की देता येतं, आणि तेही अशा राज्यात, जिथे 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष ठरवणारी 19 प्रतिनिधी मतं पणाला लागलेली.

2024 च्या शरदात मी कुठल्याही पक्षासाठी नव्हे, तर नुसतं मतदानाला या, टपाली मतपत्रिका नीट भरा, हे सांगायला तिथे दारोदार फिरलो. हातात यादी असते. घरातल्या कुणाचं वय किती, मागच्या कुठल्या निवडणुकांत मत दिलं, कुठल्या पक्षाकडे नोंदणी आहे, हे सगळं त्यात असतं. मत कुणाला दिलं ते मात्र नसतं. पेनसिल्व्हेनियात मतदार नोंदणी करतानाच पक्ष लिहिता येतो, आणि ज्याने लिहिला नाही त्याला पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत सहसा मत देता येत नाही. आपल्या लोकांना हे ऐकून फार नवल वाटतं.

एका दारात एक बाई भेटली. साठीच्या आतबाहेरची, गोदामात रात्रपाळी करणारी. या भागात आता गोदामंच गोदामं झाली आहेत, न्यूयॉर्कला माल इथून जातो. मी टपाली मतपत्रिकेचा नमुना तिला दाखवत होतो: मतपत्रिका आधी आतल्या गोपनीय लिफाफ्यात, तो बाहेरच्या लिफाफ्यात, आणि बाहेरच्यावर सही नि तारीख. आतला लिफाफा राहिला तर मत बाद. ती लक्ष देऊन ऐकत होती आणि मधेच स्वतःचं सांगत होती. घरभाडं चार वर्षांत कुठल्या कुठे गेलं, अंडी घेताना आता हात थांबतो, म्हणून सरकार बदलायला हवं. नातीला दवाखान्यात कुणी नाही म्हणू नये, म्हणून गर्भपाताचा हक्क राहायला हवा. आणि ट्रम्प यांच्या न्यूयॉर्कच्या सभेत 27 ऑक्टोबरला एका विनोदवीराने पोर्टो रिकोला तरंगता कचरा म्हटलं, ते तिच्या मनाला लागलं होतं. तीन गोष्टी, तीनही खऱ्या, आणि तिला दोन दिशांना ओढणाऱ्या. तिने मला मत कुणाला ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

निकाल लागला तेव्हा लीहाय काउंटी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार कमला हॅरिस यांच्याकडे राहिली, पण बायडन यांच्यापेक्षा बऱ्याच कमी फरकाने. शेजारची नॉर्दॅम्प्टन काउंटी ट्रम्प यांच्याकडे गेली.

महागाईबद्दल थोडं थांबतो, कारण तिथे शिकलेल्या लोकांनी साध्या मतदारावर अन्याय केला असं मला मनापासून वाटतं. जून 2022 मध्ये अमेरिकेत महागाईचा दर 9.1 टक्के होता. सप्टेंबर 2024 पर्यंत तो 2.4 टक्क्यांवर आला. दूरचित्रवाणीवर सांगत होते, महागाई आटोक्यात आली, तरी लोकांना कळत नाही. लोकांना बरोबर कळत होतं! दर उतरला म्हणजे भाव वाढण्याचा वेग कमी झाला. चढलेले भाव चढलेलेच राहिले. महिन्याचं किराणा सामान भरणाऱ्याला वेग दिसत नाही, बिल दिसतं. त्यात पेनसिल्व्हेनियातलं किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलरवर थांबलेलं. बहुतेकांना त्याहून जास्त मिळतं हे खरं, पण पायाच हलत नसेल तर वरच्याला जोर कुठून येणार?

दोन दिशांना ओढलेला मतदार ही माझी कल्पना नाही, त्याचे पुरावे मतपेटीत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये गर्भपाताचा राष्ट्रव्यापी हक्क काढून घेतला. त्यानंतर दोनच महिन्यांत कॅन्सस या पक्क्या रिपब्लिकन राज्यात त्यावर जनमत झालं, आणि सुमारे 59 टक्के लोकांनी राज्यघटनेतला हा हक्क काढू नका असं सांगितलं. नोव्हेंबर 2024 मध्ये मिझुरीत एकाच मतपत्रिकेवर दोन्ही गोष्टी आल्या. ट्रम्प यांना 58 टक्क्यांहून जास्त मतं, आणि गर्भपाताच्या हक्कालाही निम्म्याहून जास्त. बेरीज करून बघा: हजारो माणसांनी दोन्हींवर होकाराची खूण केलेली असणारच. जिथे प्रश्न सुटा विचारला, तिथे त्यांनी सुटं उत्तर दिलं. माणूस निवडायचा म्हटलं की सगळे प्रश्न एका गाठोड्यात बांधून येतात.

कधी कधी मत जमिनीखालूनही येतं. राज्याच्या ईशान्येला डिमॉक नावाचं खेडं आहे. तिथे खडक फोडून नैसर्गिक वायू काढतात, त्यालाच फ्रॅकिंग म्हणतात. ज्याची जमीन भाड्याने गेली त्याच्या कर्जबाजारी शेतावर पैसा आला. त्याच रस्त्यावरच्या काही घरांच्या विहिरींत 2009 च्या सुमारास मिथेन आढळला, लोक पिण्याचं पाणी बाहेरून आणू लागले. हॅरिस 2019 मध्ये फ्रॅकिंगवर बंदी हवी म्हणाल्या आणि 2024 मध्ये बंदी घालणार नाही म्हणाल्या. वायूच्या पैशावर शेत वाचलेल्याला त्यांचा भरवसा वाटेना, आणि पाणी गेलेल्याला दोन्हीकडे आपलं कुणी उरलं नाही असं वाटलं.

तसंच मिशिगनच्या डिअरबॉर्नचं. अरब वंशाच्या अमेरिकनांचं हे शहर 2020 मध्ये भरभरून बायडन यांच्या मागे होतं. गाझाच्या युद्धानंतर, फेब्रुवारी 2024 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत मिशिगनमधल्या एक लाखाहून जास्त लोकांनी कुणालाच नाही अशा अर्थाच्या रकान्यात मत टाकलं. नोव्हेंबरमध्ये डिअरबॉर्नला ट्रम्प पहिले आले, हॅरिस दुसऱ्या, आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांनीही सुमारे 18 टक्के मतं घेतली. डिअरबॉर्नच्या खासदार रशिदा तलैब पॅलेस्टाइनची बाजू मांडतात, तर शेजारच्या डेट्रॉइटच्या मतदारसंघाचे खासदार, आपल्या बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, इस्रायलची. दोघंही डेमोक्रॅटिक पक्षाचे. पक्षाच्या नावावरून मतदाराचं मन ओळखू पाहणाऱ्याने आधी या दोन मतदारसंघांकडे बघावं.

आपल्या मराठी माणसांविषयी एवढंच सांगतो की ज्यांच्या आयुष्यावर या निवडणुकीचा सर्वांत थेट परिणाम होतो, त्यांतल्या पुष्कळांना मत नाही. ग्रीन कार्डांत एका देशाला वर्षाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतात जन्मलेला अभियंता वर्षानुवर्षं रांगेत उभा असतो. त्याची अमेरिकेत जन्मलेली मुलगी अठराव्या वर्षी मत देते आणि तो तिला मतदान केंद्रावर सोडायला जातो.

आणि मत असूनही न देणारे? 2024 मध्ये पात्र नागरिकांपैकी सुमारे 64 टक्क्यांनी मत दिलं, म्हणजे दर तिसरा माणूस घरीच राहिला. मतदान मंगळवारी, 1845 च्या कायद्याप्रमाणे, आणि देशभर सुट्टी नाही. आमच्याकडे केंद्र सकाळी सात ते रात्री आठ उघडं असतं, पण बारा तासांची पाळी, वर येण्याजाण्याचा वेळ, घरी लहान मूल, अशा माणसाला तेही पुरत नाही. माझ्या यादीत अशी कितीतरी नावं होती, शेवटचं मत कधी दिलं तो रकाना रिकामा असलेली. त्यांच्याशी बोललं की कळतं, महागाईवर, युद्धावर, दवाखान्याच्या बिलावर त्यांनाही पुष्कळ म्हणायचं असतं. पण निवडणूक जवळ आली की बहुतेक जनमत चाचण्या मत देण्याची शक्यता असलेल्यांचंच म्हणणं धरतात आणि बाकीच्यांना गाळतात. प्रचाराच्या याद्यांतूनही हीच नावं आधी उडतात, कारण तिथे वेळ घालवणं परवडत नाही. मग दर चार वर्षांनी त्यांच्याविषयी बोललं जातं ते निकालानंतर, तेही ते आले नाहीत म्हणून.