त्याचं त्वांड कुणीकडं हाय?

(पडदा काळा. पंख्यांची घरघर. मग एक आवाज: "आरं आरं आरं... गेलं!")

हा आवाज माझ्या मामांचा, आणि जे गेलं तो माझा ड्रोन. म्हणजे अगदी कायमचा गेला नाही, बांधावरच्या निलगिरीत वर शेंड्याला अडकला आणि तिथून लाल दिवा मिचकावत बसला, बॅटरी संपेपर्यंत. आम्ही दोघं खाली. मामा म्हणाले, "शेळी चढली आस्ती तर हाक मारली आस्ती."

मामांच्या गावी ड्रोन शिकायला लागून तो चौथा दिवस होता. त्याआधी काय काय झालं ते सांगतो.

(पुणे. गच्चीवरून दिसणाऱ्या इमारती.)

मी पुण्यात राहतो. लग्नाची शूटिंगं करणाऱ्या एका ओळखीच्या मित्राकडून हा सेकंडहँड घेतला, कारण २०२२ च्या फेब्रुवारीपासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, त्यामुळे दुकानात जाऊन पाहिजे ते मॉडेल उचललं असं सहज होत नाही. वजन २४९ ग्रॅम. हा आकडा उगाच नाही हां. आपल्याकडे २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो धरतात, त्याच्यावर गेला की २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनो उडवायला रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, मायक्रो स्वतःच्या हौसेसाठी उडवला तरी लागत नाही, पण मायक्रोवर पैसे कमवायचे म्हटलं की लागतं. २५० ग्रॅमची अशी हद्द बाहेरच्या बऱ्याच देशांतही आहे, म्हणून कंपन्या एक ग्रॅम खाली थांबतात. मी हौसेनं पंख्यांभोवतीची प्लास्टिकची जाळी विकत आणली, ती लावून किचनमधल्या काट्यावर ठेवलं तर २५० च्या वर. म्हणजे सुरक्षा लावली की कॅटेगरी बदलते, असला गमतीचा प्रकार.

मग डिजिटल स्कायचा नकाशा उघडला. हा सरकारचा नकाशा, हिरवा पिवळा लाल. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटर, परवानगीशिवाय उडवता येतं. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ५ किलोमीटरच्या आत लाल, ५ ते ८ मध्ये पिवळा म्हणजे आधी परवानगी, ८ ते १२ मध्ये फक्त २०० फूट. आता पुण्यात एका बाजूला लोहगावचा हवाई दलाचा तळ, दुसरीकडे खडकवासल्याला एनडीए, मी माझ्या घरावर बोट ठेवलं आणि नकाशा गपचूप बंद केला.

तोपर्यंत हॉलमध्ये एक खेळण्यातला ड्रोन उडवत होतो. त्याला जीपीएस नाही, काही नाही, सोडला की वाहत जातो. पडद्यात गेला, देवघरात गेला, एकदा सिलिंग फॅन चालू असताना वर गेला (त्याचं वर्णन नको). पण खरं सांगू का, बोटांना वळण त्यानंच लावलं. पहिल्यांदा शिकताना हाच घ्या. मोडला तर रडू येत नाही.

(माणदेश. उघडं माळरान, लांबवर मेंढरं.)

मामांचं गाव सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात. पावसाचं काही खरं नाही, पण माळ मात्र नजर पोचेल तिथपर्यंत. नकाशावर हिरवं. शिकायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही असं मला वाटलं आणि मी पहिली चूक केली ती पाचव्या मिनिटाला.

ऊन होतं म्हणून मी पत्र्याच्या शेडला खेटून, बोअरच्या लोखंडी झाकणावर ड्रोन ठेवला आणि लगेच उडवला. ड्रोनमध्ये कंपास असतो, लोखंड जवळ असलं की तो येडा होतो. उत्तर कुठं हेच त्याला कळत नाही, मग जीपीएस सांगतं एक आणि कंपास सांगतो दुसरं, आणि ड्रोन एका जागी थांबायच्या ऐवजी विहिरीतल्या भोवऱ्यासारखा गोल गोल फिरायला लागतो, गोल मोठा होत जातो. मी घाबरून रिमोटच्या स्टिक सोडल्या. तसाच उतरवला कसाबसा, म्हणजे आपटलाच.

दुसरी चूक त्यातच दडलेली. उडवायच्या आधी स्क्रीनवर होम पॉइंट नोंदवला असं यायची वाट बघायची. सॅटेलाइट पुरेसे सापडले की ड्रोन ती जागा लक्षात ठेवतो आणि गडबड झाली तर तिथं परत येतो. तुम्ही घाईत आधीच वर गेलात तर सॅटेलाइट मिळतील तेव्हा तो जिथं असेल तेच त्याचं घर. मग परत ये म्हटलं की तो शेजाऱ्याच्या डाळिंबात जाऊन बसणार, आणि त्याच्या दृष्टीनं त्याचं काहीच चुकलेलं नसतं.

(मामा, डोक्याला टॉवेल, वर बघतायत.)

दुसऱ्या दिवशी माळावर गेलो. सरळ वर, सरळ खाली, झालं. पुढं, मागं, झालं. मला वाटलं जमलं की! मग तो लांबून माझ्याकडं वळवून आणायला गेलो आणि तो उजवीकडं जावा म्हणून उजवी स्टिक उजवीकडं दाबली तर तो डावीकडं. अजून दाबली तर अजून डावीकडं. मामा मागून म्हणाले,

"त्याचं त्वांड कुणीकडं हाय?"

मी म्हटलं, काय?

"आरं त्वांड. बैलाला सुदिक त्वांड बघून हाकत्यात."

आणि खरं म्हणजे एवढंच आहे. मी महिनाभर व्हिडिओ बघितले त्यात हे इतक्या सोप्या शब्दात कुणी सांगितलं नाही. ड्रोनची पाठ तुमच्याकडं असते तेव्हा त्याचा उजवा तो तुमचा उजवा. तोंड तुमच्याकडं झालं की सगळं उलटं, समोरासमोर उभ्या माणसासारखं. डोक्याला हे लगेच कळतं, बोटांना कळायला आठवडे लागतात, आणि बरेचसे नवशिके ड्रोन ठोकतात ते इथंच, कारण घाबरल्यावर डोकं बाजूला राहतं आणि बोटं जुन्या सवयीनं चालतात.

बहुतेक रिमोटवर डावी स्टिक वर-खाली आणि जागच्या जागी वळणं, उजवी स्टिक पुढं-मागं आणि आडवं सरकणं. मामांनी विचारलं याला शेपूट नाही, मग वळतंय कसं. चार पंख्यांतले दोन घड्याळाच्या दिशेनं फिरतात, दोन उलटे. समोरासमोरच्या कोपऱ्यातली जोडी एका दिशेची. पंखा एकीकडं फिरला की अंगाला उलटा झटका बसतो, चारही सारखे असले की झटके एकमेकांना खातात आणि ड्रोन स्थिर. एक जोडी जरा जोरात आणि दुसरी जरा हळू केली की अंग वळतं. म्हणून तर पंखे बदलताना खुणेचा खुणेच्याच जागी लावायचा, नाहीतर उडायच्या ऐवजी पालथा पडतो.

मग मामांनीच मला शिकवणी लावली. दोन दगड ठेवले वीस पावलांवर, त्याच्याभोवती इंग्रजी आठाचा आकडा काढायचा, तोंड कायम चालायच्या दिशेला. औताचा बैल तासाच्या, म्हणजे नांगराच्या रेघेच्या, शेवटी कसा वळवतात तसं, आधी वेग कमी, मग वळण, मग परत चाल. मी वेगात वळायचो आणि बाहेर फेकला जायचा. ड्रोन शिकवणाऱ्या संस्थांतही आठाचा सराव करून घेतात, हे मला नंतर कळलं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "मग फी दे."

एक अट अजून घातली त्यांनी, ती मी आता सगळ्यांना सांगतो: स्क्रीन बघायची नाही. फोन खिशात घालता येत नाही, रिमोटला लावलेला असतो, म्हणून त्यावर रुमाल टाकला. नुसता आकाशात ठिपका बघायचा आणि त्याचं तोंड ओळखायचं. ओळखू येईना तर घाई न करता उजवी स्टिक किंचित पुढं ढकलायची आणि तो कुठं सरकतो ते बघायचं.

(निलगिरीची रांग. सावकाश वर जाणारा शॉट.)

आता ती निलगिरी. चौथ्या दिवशी मी जरा माजलो होतो. लांब पाझर तलावापर्यंत नेला, जाताना वारा पाठीशी, काय झकास पळतोय असं वाटलं. येताना तोच वारा तोंडावर. खाली आपल्याला झुळूक वाटते तेव्हा ऐंशी-नव्वद मीटरवर वारा भलताच असतो, आणि पाव किलोचा जीव तो, त्याला काय वजन आहे? बॅटरी भराभर उतरली, रिमोट ओरडायला लागला आणि ड्रोननं स्वतःच परतीचा निर्णय घेतला. तो ठरवलेल्या उंचीच्या खाली असेल तर तेवढा वर चढतो, वर असेल तर आहे त्या उंचीवरूनच नाकासमोर घराकडं निघतो. वारा चुकवायला मी तो आधीच खाली आणला होता आणि ती उंची ठेवली होती वीस मीटर. निलगिरी त्याच्यापेक्षा उंच. माझ्या ड्रोनला समोरचं दिसत नाही, सेन्सर फक्त पोटाला आहेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाऱ्यानं तो आपोआप खाली पडला, कडब्याच्या गंजीवर. दोन पंखे गेले, गिंबल म्हणजे कॅमेरा तोलून धरणारी ती मान जरा वाकडी झाली. नशीब. तेव्हापासून आधी वाऱ्याच्या विरुद्ध जातो, येताना वारा घरी आणतो. परतीची उंची तिथल्या सगळ्यात उंच झाडाच्या, टाकीच्या, टॉवरच्या वर. आणि बॅटरी तीस टक्के झाली की माघारी, समोर इंद्रधनुष्य असलं तरी. तिकडं मे महिन्यात बॅटरी अशीही तापते, उतरवल्यावर गार होईपर्यंत चार्जिंगला लावत नाही. गाडीत उन्हात विसरलेली एक फुगली, ती मी परत वापरली नाही.

घारीचं सांगायचं राहिलं. घारीला ड्रोन आपल्या हद्दीत आवडत नाही. ती वरून झेपावते. खाली पळायचा मोह होतो, पण घार खाली सूर मारण्यात आपल्याला कधीच ऐकणार नाही. सरळ वर चढवायचा, सरळ वर जाणं तिला जड जातं. आणि ती गेली की आपणच निघायचं तिथनं.

(मेंढरं. एक धनगर काठीला टेकून.)

शॉटबद्दल फार बोलत नाही कारण माझे पहिले दोन तास फुटेज बघवत नाही, सगळं गरगर. एका वेळी एकच हालचाल आणि ती सुरू केल्यावर मनातल्या मनात दहा आकडे, एवढं केलं तरी फरक पडतो. बस.

बोलायचंय ते माणसांबद्दल. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नगर, बीडकडं गावागावांत रात्री ड्रोन फिरतायत, चोर टेहळणी करतायत म्हणून लोक रात्र रात्र जागत होते. ती भीती अजून लोकांच्या मनातून पूर्ण गेलेली नाही. तुम्ही माळावर एकटे उभे, हातात रिमोट, डोक्यावर भुणभुण, लांबून बघणाऱ्याला काय कळणार तुम्ही आठाचा आकडा काढताय? म्हणून मामा पहिल्याच दिवशी मला पोलीस पाटलांकडं घेऊन गेले, चहा झाला, सांगून ठेवलं. धनगर बाबांनाही विचारलं. ते म्हणाले उडीव की, पण मेंढरं पाण्यावर असताना नको, बुजली की पांगत्यात. रात्री तर मी उडवतच नाही.

(स्क्रीनवर मामांची शेती. वरून.)

शेवटच्या दिवशी मामांना त्यांचं रान वरून दाखवलं. साठीच्या पुढचा माणूस, जन्म त्या मातीत गेला, पण वरून कधी बघितलं नव्हतं. फोनवर रुमाल धरून सावली केली आणि ते बघत राहिले. ही विहीर. हे शेड. ही ज्वारी, ही त्वा पाडलेली निलगिरीची फांदी. मग एकदम म्हणाले, थांब. मागं घे जरा.

शेजारच्या रानाचा बांध. जमिनीवरनं चालताना तो सरळच वाटतो. वरून दिसत होतं, मधे पोट आल्यासारखा तो मामांच्या रानात वाकलाय. दोन पावलं असेल, तीन असेल. शेजारी म्हणजे त्यांचा सख्खा चुलत भाऊ.

मी म्हटलं, मामा, रेकॉर्ड करू का?

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ड्रोन तिथंच तरंगत होता, बॅटरी अडतीस टक्के. मग त्यांनी रुमाल खांद्यावर टाकला आणि म्हणाले,

"त्याचं त्वांड फिरीव आता घराकडं."