एक फाइल, दोन नावं

(दृश्य: फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं टर्मिनल, कमांडच्या फाइल ठेवलेल्या बिन डिरेक्टरीची यादी)

यादीतलं पहिलंच नाव बघा. अक्षर नाही, आकडा नाही, नुसता उघडा चौकोनी कंस. शेल म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम; त्याच्या स्क्रिप्टमध्ये 'इफ'नंतर आपण टाकतो ना, तोच. चिन्ह वाटतं, पण ही कमांड आहे.

(दृश्य: आयनोड क्रमांकांसह तीच यादी)

आता डावीकडचे आकडे. '[' आणि अट खरी की खोटी ते तपासणारी 'टेस्ट' कमांड, दोघांचा आयनोड, म्हणजे डिस्कवरच्या फाइलचा ओळख क्रमांक, एकच. डिस्कवर फाइल एक, नावं दोन.

(दृश्य: सोर्स कोड, हळूहळू वर सरकतो)

मग वागणं वेगळं कसं? सोर्स खुला आहे, वाचू या. सुरू होताच प्रोग्राम बघतो, आपल्याला कोणत्या नावानं हाक मारली. वाटेतल्या डिरेक्टऱ्या सोडतो, शेवटचं नाव तेवढं घेतो. ते '[' असेल तर शेवटचा शब्द ']' हवाच. असला तर तो बाजूला काढून पुढे जातो, नसला तर तक्रार करून तिथेच थांबतो. 'टेस्ट' म्हटलं तर ही चौकशीच नाही. बाकी सगळा कोड सामाईक. बेल लॅब्जच्या युनिक्सच्या 1979च्या सातव्या आवृत्तीतही नाव बघणाऱ्या अशाच ओळी होत्या. इतकी वर्षं टिकलेला इतका छोटा तुकडा विरळाच!

(दृश्य: नवीन सिमलिंक तयार होते)

आम्ही याच फाइलला 'मोगरा' नावाची सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडे नेणारा दुवा, केली. 'मोगरा 5 = 5'. उत्तर 0, म्हणजे खरं. शेलचा हिशेब उलटा असतो. शेवटी ']' जोडला, उत्तर 2, म्हणजे चूक. आता लिंकचं नाव बदलून '[' केलं. मघाशी नको असलेला ']' आता मागून घेतोय! (नुसतं '[' लिहिलं तर शेलच्या पोटातली कमांड उत्तर देते, म्हणून पडद्यावर पत्त्यासह लिहिलंय.)

(दृश्य: चुकीच्या संदेशाची लाल ओळ)

कंसानंतर जागा सोडली नाही, की शेल '[5' नावाची कमांड शोधतो. ती नसतेच.

(दृश्य: लिनक्सचं टर्मिनल)

लिनक्सवरच्या या कमांड ग्नू प्रकल्पाच्या, आणि नावावरून वागणं बदलणं ग्नूच्या नियमावलीला पसंत नाही. तिथे एकाच सोर्समधून दोन वेगळ्या फाइल बनतात. 'टेस्ट'ला आवृत्ती विचारली तर तो गप्प राहून 0 परत करतो. त्याच्या लेखी तो प्रश्न म्हणजे केवळ एक न-रिकामा शब्द, आणि असा शब्द म्हणजे खरं. '['च्या फाइलला पत्त्यासह तेच विचारलं, की ती आवृत्ती छापते, तेही ']' न मागता.