बॉम्बे ब्लड ग्रुप पाहिजे, अर्जंट

बॉम्बे ब्लड ग्रुप पाहिजे, अर्जंट. असा मेसेज कधीतरी तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. ज्या घरातून तो निघालेला असतो त्या घरातल्या माणसाचं ऑपरेशन थांबलेलं असतं, आणि रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये ए, बी, एबी, ओ सगळं असूनही त्यातली एकही पिशवी त्याला चालत नाही.

हा ग्रुप आधी सापडला आपल्या मुंबईतच. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आणि शहराचं नाव कायमचं त्याला लागलं. भानगड अशी की आपल्या बहुतेकांच्या लाल पेशींवर एच नावाचा एक पदार्थ असतो, त्याच्यावरच ए नाहीतर बी तयार होतं, आणि ओ वाल्यांत नुसता एच राहतो. बॉम्बेवाल्यांत तो एचसुद्धा नसतो. त्यामुळे साध्या तपासणीत त्यांचं रक्त ओ दिसतं, माणूस वर्षानुवर्षं स्वतःला ओ समजून जगतो, आणि वेळ आल्यावर क्रॉसमॅच करताना, म्हणजे दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतंय का ते बघताना, कळतं की ओ ची कुठलीच पिशवी जुळत नाहीये. तसंच चढवलं तर शरीर त्या रक्तावर तुटून पडतं, जिवावर बेततं.

भारतात साधारण १०,००० माणसांत एकाचा हा ग्रुप असतो, युरोपात तर १० लाखांत एखादाच. आणि रक्त काही वर्षभर फ्रिजमध्ये ठेवता येत नाही, लाल पेशींची पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते. गोठवून जास्त काळ ठेवता येतं पण ती सोय मोजक्याच ठिकाणी आहे. मग साठा ठेवायचा कुठे? तर माणसांत. कोण कुठल्या गावात राहतो, शेवटचं रक्त कधी दिलं, आत्ता देऊ शकतो का, ही यादी रक्तदानाचे कार्यकर्ते आधी वहीत ठेवायचे, आता व्हॉट्सॲप ग्रुपवर ठेवतात. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिने थांबावं लागतं आणि बाईला चार, म्हणजे दहा नंबर असले तरी त्या दिवशी उपयोगाचे दोन-तीनच निघतात, आणि तेही कुठल्या राज्यात असतील सांगता येत नाही.

मे २०२४ मध्ये इंदूरला एका बाईची तब्येत फार बिघडलेली, तिला हेच रक्त हवं होतं. निरोप रक्तदात्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला आणि शिर्डीहून एक दाता मित्राच्या गाडीने चारशेहून जास्त किलोमीटर जाऊन रक्त देऊन आला. ओळख ना पाळख. मला हे फार मोठं वाटतं, खरंच.

पण याच फोनवर घोळही तेवढेच होतात. तारीख नसलेला मेसेज वर्षभराने पुन्हा फिरायला लागतो, गरज कधीच संपलेली असते, तरी दाता बिचारा फोन करत बसतो आणि दोन-चार वेळा असं झालं की खऱ्या मेसेजलाही उत्तर देईनासा होतो. म्हणून जुने कार्यकर्ते एकच गोष्ट परत परत सांगतात, मेसेजमध्ये तारीख टाका, हॉस्पिटल आणि रक्तपेढी टाका, ग्रुप रक्तपेढीने पक्का केलाय का ते लिहा आणि मिळालं की लगेच "मिळालं, फॉरवर्ड थांबवा" असं टाका. हे शेवटचंच लोक विसरतात, आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. कोणी रक्ताचे पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा, पैसे घेऊन रक्त देणं आपल्याकडे १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे.

ऑपरेशन ठरवून करायचं असेल तर काही वेळा पेशंटचंच रक्त आधी काढून ठेवता येतं, ते डॉक्टर ठरवतात, पण असं विचारायचं असतं हेही बऱ्याच जणांना व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या दुसऱ्या पेशंटकडून कळतं. आणि घरात एकाचा बॉम्बे निघाला की पहिला फोन सख्ख्या भावंडांना करा. हे आईवडील दोघांकडून येतं, त्यामुळे प्रत्येक भावंडात तोच ग्रुप असण्याची शक्यता चारात एक असते, म्हणजे आख्खा देश शोधत बसण्याआधी बहिणीची तपासणी करून घ्या, तिचा निघाला तर तिचाही नंबर त्या यादीत टाका.