'पायरेट' म्हणजे नेमका कोण?

मंडळी, चोरून उतरवलेल्या सिनेमाला आपण 'पायरेटेड' म्हणतो. कॉपी करणारा तर घरात खुर्चीवर बसलेला असतो, त्याने समुद्र पाहिलेलाही नसेल. मग त्याला चाच्याचं, म्हणजे समुद्री लुटारूचं नाव कसं मिळालं?

मुळात या शब्दात समुद्र नाहीच, लूटही नाही. ग्रीक 'पेइरा' म्हणजे प्रयत्न, करून पाहणं. त्यावरून 'पेइरातेस': जो हात मारून बघतो, हल्ला करून पाहतो. प्रयोगशाळेतल्या 'एम्पिरिकल' या शब्दाच्या पोटातही हाच 'पेइरा' आहे. अनुभवाने शिकणारा वैज्ञानिक आणि जहाज लुटणारा, दोघे एकाच घरचे! मराठीत 'धाड' आणि 'धाडस' असेच शेजारी ऐकू येतात. मी व्युत्पत्तीचा दावा करत नाही, फक्त कानाला काय लागतं ते सांगतो.

ग्रीकांकडे लुटारूसाठी याहून जुना शब्द होता, 'लेस्तेस'. थुसिडिडीस हा इतिहासकार सांगतो की पूर्वी या धंद्याची लाज नव्हती. उलट थोडी प्रतिष्ठाच होती. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात वृद्ध राजा नेस्टर पाहुण्यांना आधी पोटभर जेवू घालतो आणि मग सहज विचारतो, व्यापारासाठी निघालात की लुटालूट करत फिरता? पाहुण्यांना त्याचा राग येत नाही.

शिवीची धार आली ती रोममध्ये. सिसेरो या रोमन वक्त्याने इ.स.पूर्व ४४ मध्ये लिहिलं की चाचा हा सर्वांचा सामाईक शत्रू आहे. खंडणी देण्याची शपथ त्याच्यापुढे घेतली आणि मोडली, तरी तो शपथभंग नव्हे. शत्रूराजाला दिलेला शब्द मात्र पाळायचा. माझ्या मते या शब्दाचा खरा अर्थ इथे ठरला. लूट तर दोघेही करतात, पण एकामागे राज्य उभं असतं आणि दुसऱ्यामागे कोणी नसतं.

पुढे राजे चक्क कागद देऊ लागले. हाती परवानापत्र असेल तर शत्रूची जहाजं लुटणारा 'प्रायव्हेटियर', नसेल तर पायरेट. काम तेच, तोफाही त्याच. फ्रान्सिस ड्रेक हा इंग्रज दर्यावर्दी स्पॅनिश लोकांच्या लेखी चाचा होता. इंग्लंडच्या राणीने १५८१ मध्ये त्याला 'सर' केलं. हे परवाने १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यापर्यंत चालले. ('बकनियर', म्हणजे कॅरिबियन समुद्रातला चाचा, हा भाऊबंद शब्द तर स्वयंपाकातून आला: 'बुकां' म्हणजे मांस धुरावर वाळवण्याची लाकडी चौकट.)

आता खुर्चीवरच्या माणसाकडे येऊ. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये कुठलं पुस्तक कोणी छापायचं, याची नोंद मुद्रकांच्या कंपनीच्या वहीत होत असे. दुसऱ्याच्या नावावर नोंदलेलं पुस्तक परस्पर छापणाऱ्याला लोक पायरेट म्हणू लागले. इथेही प्रश्न परवानगीचाच.

१९६४ मध्ये तर गंमतच झाली. ब्रिटनच्या सागरी हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजावरून रेडिओ कॅरोलाइन हे केंद्र गाणी वाजवू लागलं. परवाना नव्हता, म्हणून ते 'पायरेट रेडिओ'. आज संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायद्यात चाचेगिरीला हिंसा, अटकाव किंवा लूट लागते, आणि एका जहाजाने दुसऱ्यावर चाल करावी लागते. कॅरोलाइनकडे जहाज होतं, खुला समुद्र होता. चाल मात्र कोणावरच केलेली नव्हती.